विचारून झाल्यावर

ताईचा आवाज कानात आला तसा तो चटकन मागे वळला. मागे करड्या स्पंजने मढवलेली भिंत होती, कानांवर हेडफोन होते आणि ऐकू येत होतं ते कालच्या एका फोनचं रेकॉर्डिंग होतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण ताईचा आवाज आला की मान वळवायची ही सवय बुद्धीला विचारून लागलेली नव्हती. ताई त्याला हाक मारतही नव्हती. ती आपलं नाव सांगत होती, मग भाऊजींचं, मग पॉलिसीचा नंबर, एकेक आकडा सुटा करून, मोठ्याने. फोनवर माणसाने ओरडूनच बोलायचं असतं अशी तिची समजूत होती आणि कितीही सांगितलं तरी ती जात नव्हती. कंपनीची बाई गोड आवाजात एकेक विचारत गेली. ऑपरेशन कधीचं ठरलंय, हॉस्पिटल कुठलं, डॉक्टर काय म्हणाले, त्रास पहिल्यांदा कधी जाणवला. ताई म्हणाली, गेल्या महिन्यात, दुकानाचं शटर ओढताना. मग ती बाई म्हणाली, "ठीक आहे. अजून काही सांगायचं राहिलंय का?" आणि गप्प झाली. त्याचं बोट आपसूक बटणावर गेलं आणि त्याने रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं.

ते गप्प होणं त्याचं होतं. म्हणजे आता ते कंपनीचं होतं, पण कंपनीत ते आणलं त्याने. कंपनी आरोग्याच्या विम्याची. मोठं ऑपरेशन असलं की आधी मंजुरी घ्यावी लागे, मंजुरीसाठी घरातल्या कुणीतरी फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत, आणि सगळे प्रश्न संपले की फोनवरच्या बाईने हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहायचं, असा नियम होता. हॅलो म्हणायचं नाही. कागद चाळायचा नाही. श्वाससुद्धा माइकपासून लांब सोडायचा. पलीकडचा माणूस बोलेपर्यंत थांबायचं. आणि माणूस बोलतो. सुरुवातीला घसा खाकरतो, मग म्हणतो, नाही, तसं काही नाही, मग म्हणतो, म्हणजे आता तुम्ही विचारताच आहात म्हणून, पॉलिसी घ्यायच्या आधी एकदा असं झालं होतं. झालं. पॉलिसी घ्यायच्या आधीचं दुखणं निघालं की मंजुरी नाही. या खोलीत बसून असे फोन ऐकायचे आणि प्रत्येकापुढे 'काही आढळलं' किंवा 'काही आढळलं नाही' यातलं एक बटण दाबायचं, हे त्याचं काम. त्याने दाबलेल्या बटणावर वर कुणी प्रश्न विचारत नसे.

ताईने काय सांगितलं असेल हे त्याला ऐकायची गरजच नव्हती. जे सांगण्यासारखं होतं त्याच्या वेळी तो तिथेच होता. तो आताच्या घरात राहायला आला त्या दिवशी भाऊजी मदतीला आले होते. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, लोखंड उचलायची सवय, कपाटाला काय घाबरणार. जिन्याच्या वळणावर ते एकदम म्हणाले, "धर रे जरा," आणि पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. ताई त्यांचे तळहात चोळत होती. त्याने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने भाऊजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, कपाट जिंकलं बुवा. तिघेही हसले, डॉक्टरकडे कुणी गेलं नाही, आणि ती गोष्ट हसण्यावारी गेली ती गेलीच. पुढे काही महिन्यांनी त्याच्याच सांगण्यावरून त्यांनी त्याच्याच कंपनीची पॉलिसी घेतली तेव्हा ती कुणाला आठवलीसुद्धा नाही. आता भाऊजींना दुकानाची पायरी चढवत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते की फार थांबू नका, आणि हॉस्पिटल म्हणालं होतं की मंजुरी आल्याशिवाय दाखल करून घेणार नाही. दुकान भाड्याचं, मशिनी गिऱ्हाइकांच्या. मंजुरी नाही म्हणजे ऑपरेशन नाही, इतकं ते सरळ होतं.

नियमाप्रमाणे त्याने एव्हाना उठायला हवं होतं. नात्यातल्या माणसाचा फोन निघाला तर तो शेजारच्या, अशाच खोक्याएवढ्या खोलीतल्या माणसाकडे द्यायचा. शेजारच्या खोक्यात बसणारे गृहस्थ पूर्वी रेडिओवर बातम्या वाचत, म्हणून त्यांना सगळे रेडिओच म्हणत. रेडिओ भला माणूस होता, पण ज्या सुरात पुराची बातमी द्यायची त्याच सुरात त्याने हेही बटण दाबलं असतं. आणि स्वतः ऐकलं तर? 'काही आढळलं' दाबायला हात धजणार नाही, 'आढळलं नाही' दाबलं तर बाबांनी शिकवलेलं सगळं पायदळी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो पडद्यावरची गोठलेली रेघ बघत बसला. ताई बोलत असताना रेघ उंच उंच उड्या मारत होती आणि पुढे, जिथे बाई गप्प झाली होती तिथे, ती सपाट झाली होती. त्या सपाट भागाच्या पुढे पुन्हा एक छोटा उंचवटा दिसत होता. तो उंचवटा म्हणजे ताईचं उत्तर. तो इतका छोटा कसा, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्याने ते फार वेळ धरून ठेवलं नाही.

बाबा उपदेशक होते. बाजाराच्या मागच्या अंगाला प्रार्थनाघर होतं आणि प्रार्थनाघराला चिकटून त्यांची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत बाजारातली माणसं भांडणं घेऊन यायची. कचेरीत गेलं की वर्षं जातात आणि दोघंही नागवले जातात, म्हणून उपदेशकाकडे यायची रीत पडली होती. लोकर विकणारा आणि घोंगड्या विणणारा, चामडेवाला आणि जोडेवाला, दोघं समोरासमोर बसायचे आणि पोट भरेपर्यंत बोलायचे. बाबा मधे बोलत नसत. दोघांचं बोलून झालं की ते विचारायचे, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" आणि गप्प व्हायचे. कुणाकडे बघत नसत, स्वतःच्या हातांकडे बघायचे. बाहेर हातगाड्यांची खडखड चाललेली असायची, मापाड्याची ओरड चाललेली असायची, आणि आतमध्ये ती शांतता हळूहळू पाण्यासारखी वर चढायची. तो दारामागून बघायचा. लोकरवाला आधी भिंतीकडे बघायचा, मग छताकडे, मग आपल्या चपलांकडे, आणि मग म्हणायचा, "गोणी ओली केली होती. वजनाला." बाबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एक रेषही उमटत नसे. ते उठून स्वतः पाणी आणायचे, आधी त्याला द्यायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. सौदा दोघांत होतो पण बघणारा तिसरा असतो, एवढं एक वाक्य बोलायचे. लोकरवाल्याचं नुकसान व्हायचं, नाही असं नाही. पण तो परत यायचा. ज्याला त्या खोलीत एकदा बोलावं लागलं तो पुढच्या वेळी भांडण नसतानाही येऊन बसायचा, असं त्याने पाहिलं होतं.

घरातही तेच. बरणी फुटली, पैसे कमी भरले, कुणी कुणाला चिमटा काढला, की बाबांचा तो प्रश्न आणि ती शांतता. आई लवकर गेली होती आणि ताईने त्याला वाढवलं होतं, म्हणजे ती स्वतः परकरातून बाहेर पडायच्या आत कुणाची तरी आई होऊन बसली होती. तो धाकटा म्हणून तिने त्याचं नावच धाकट्या ठेवलं. धाकट्याने त्या शांततेवर एक युक्ती शोधली होती. तो मनातल्या मनात पाढे म्हणायचा. ताईला ते कधी जमलं नाही. बाबा गप्प झाले की तिचा आधी श्वास आत जायचा, ऐकू येईल असा, आणि मग ती सगळं ओकून टाकायची, स्वतःचं, त्याचं, शेजाऱ्यांचं. न फोडलेल्या बरण्यासुद्धा तिने कबूल केल्या आहेत. एकदा बाबाच हसून म्हणाले होते की पोरी, देवालासुद्धा एवढा तपशील लागत नाही. त्यावरून तो तिला कितीतरी वर्षं चिडवायचा. पण रात्री दिवा मालवल्यावर ती पडल्या पडल्या झोपायची आणि तो पाढे म्हणत जागा राहायचा, हेही खरं होतं. या जगात खरं बोलणारं एक तरी माणूस आपल्या ओळखीचं आहे याचा त्याला आधार होता. स्वतः तसं असण्यापेक्षा ते सोपं होतं.

मोठेपणी त्याने बाबांचा व्यवसाय घेतला नाही, पण बाबांचा विषय घेतला. कॉलेजात तो धर्म आणि नीती शिकवायचा. बाजारात माणसाने कसं वागावं याबद्दल जगातल्या सगळ्या धर्मांनी काय सांगितलंय, माप कसं धरावं, माल विकताना त्यातली खोट आधी सांगावी की विचारल्यावर सांगावी, अडलेल्याकडून जास्त भाव घ्यावा का. मुलं चांगली होती, प्रश्न विचारायची, पण दरवर्षी कमी होत गेली आणि शेवटी विषयच बंद झाला. त्याच सुमाराला एका सभेत त्याची या विमा कंपनीतल्या एका बाईंशी गाठ पडली. त्या अर्थशास्त्रातल्या, पण माणसं पैशाच्या बाबतीत प्रत्यक्षात कशी वागतात त्याच्या अर्थशास्त्रातल्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला हुकूम करायची गरज नसते, नुसती कोपरखळी पुरते. त्यामुळे कंपनीत त्यांना सगळे पाठीमागे कोपरखळीबाई म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. त्या म्हणाल्या, माणूस सगळा चोर नसतो आणि सगळा साव नसतो, आरशात तोंड बघवेल इतपतच चोरी करतो. आरसा थोडा जवळ आणला की चोरी कमी. तेव्हा त्याने, बोलण्याच्या ओघात, बाबांची गोष्ट सांगितली. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "किती वेळ गप्प राहायचे?"

तो प्रश्न त्याला तेव्हाच खटकायला हवा होता. पण घरी बसलेल्या माणसाला कुणी आपल्या बापाबद्दल इतक्या आस्थेने विचारलं की त्याचं पाणी होतं. त्याने डोळे मिटले आणि पुढची खोली आठवून वेळ मोजून दाखवली. पुढे कंपनीत त्याचा प्रयोग झाला. कॉम्प्युटरने जणू चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या लोकांना प्रश्नानंतर शांतता मिळायची, निम्म्यांना बाई लगेच धन्यवाद म्हणून फोन ठेवायची. शांतता मिळालेल्यांनी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की बाईंनी सगळ्या मजल्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजला. त्याला नोकरी मिळाली. फोनवर बोलणाऱ्या बायकांना त्याने स्वतः शिकवलं. गप्प बसणं म्हणजे रागावणं नाही, तो त्यांना सांगायचा, गप्प बसणं म्हणजे खुर्ची पुढे सरकवून ठेवणं. बसायचं की नाही ते समोरच्याने ठरवावं. बोलताना त्याचे डोळे भरून यायचे. यात फसवणूक कुठे होती? कुणाला खोटं सांगितलं जात नव्हतं. एक प्रश्न, आणि थोडा वेळ. आणि खोटं बोलणाऱ्यांच्या ऑपरेशनचा भार शेवटी खरं बोलणाऱ्यांच्याच हप्त्यावर पडतो ना? हे तो इतक्या वेळा बोलला होता की आता ते बोलताना त्याला विचार करावा लागत नसे.

पण ऐकायला बसला तेव्हा त्याला एक गोष्ट दिसायला लागली, आणि एकदा दिसल्यावर ती डोळ्यांसमोरून हलेना. त्या शांततेत अट्टल खोटारडा कधीच सापडत नसे. ताईच्या आधीचाच फोन एका कंत्राटदाराचा होता. बायकोचं दुखणं त्याने इतकं तोंडपाठ करून आणलं होतं की तारखासुद्धा अडखळल्या नाहीत. बाई गप्प झाली तर तो खुशाल गाणं गुणगुणायला लागला. दोन ओळी गुणगुणून झाल्यावर म्हणाला, "नाही हो ताई, काय राहणार?" मंजूर. आणि सापडायचे ते कोण? ज्यांना सांगायला हवं होतं की नाही याचीच खात्री नव्हती ते. एक शिक्षक, ज्याने वडिलांचा लहानपणचा दमा स्वतःच्या नावावर कबूल केला. एक म्हातारी, जी म्हणाली की मी मेलीने एकदा देवाला मरण मागितलं होतं, ते सांगायला हवं का. खोट्याच्या कपाळी गोटा ही म्हण ज्याने कुणी केली त्याने विमा उतरवलेला नसावा. बाबांच्या खोलीत बोलून झालेल्या माणसाला पाणी मिळायचं. इथे बाई म्हणायची, आपला वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत.

आणि आता ताई. कॉम्प्युटरच्या चिठ्ठीत तिच्या वाट्याला शांतता आली होती. तुलनेसाठी अजूनही थोड्या लोकांना ती दिली जात नसे, आणि ताई त्या थोड्यांत असती तर बाईने धन्यवाद म्हणून फोन ठेवला असता आणि भाऊजी पुढच्या आठवड्यात टेबलावर असते. बाबा म्हणाले असते, बघणारा बघत होता. कोपरखळीबाई म्हणतील, नुसती शक्यता. त्याला वाटलं, दोन्हीत आपल्याला उभं राहायला जागा नाही. त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतले. खोका एवढासा होता की खुर्ची मागे सरकवली तर स्पंजला टेकायची. हवा येण्यासाठी वर एक जाळी होती, तिच्यातून नुसती घरघर यायची.

काचेवर टकटक झाली. कोपरखळीबाई होत्या. त्यांनी दार अर्धं उघडलं आणि खांदा आत घातला, कारण सगळं माणूस आत मावत नसे. नेहमीच्या बसक्या आवाजात त्या नव्या आकड्यांचं काही सांगू लागल्या. त्याने त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. त्याने विचारलं, गप्प राहणं बंद करता येईल का? बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणासाठी?" त्या म्हणाल्या. सगळ्यांसाठी, तो म्हणाला, एकूणच, ते बरोबर नाही असं वाटायला लागलंय. त्याने शिक्षकाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्या म्हातारीचा फोन ऐकून त्याही रडल्या होत्या आणि तिचं प्रकरण त्यांनी स्वतः वर जाऊन सोडवून आणलं होतं. त्या म्हणाल्या, बंद केलं तर कंत्राटदार काही खरं बोलायला लागणार नाहीत, फक्त त्यांच्या जोडीला आणखी चार जण गप्प बसतील, आणि हप्ता वाढला की सगळ्यात आधी कोण पॉलिसी सोडतं, तुमची ती म्हातारीच ना? ते सगळं त्याचंच बोलणं होतं.

"आणि तसंही," बाई म्हणाल्या, "त्याचा जोर ओसरत चाललाय. आकडे बघितलेत ना? लोक पूर्वीसारखं बोलत नाहीत. कुणीतरी एकमेकांना सांगत असणार." त्यांनी दाराची कड धरली. मग अगदी मनापासून, त्या पहिल्या दिवशी चहाचा कप खाली ठेवला होता त्याच आस्थेने, त्यांनी विचारलं, "तुमचे वडील आणखी काय काय करायचे?"

त्याला बाबांचा हात आठवला, लोकरवाल्याच्या पाठीवरचा. पाण्याचं भांडं आठवलं. तो म्हणाला, काही नाही, एवढंच करायचे. बाई म्हणाल्या, आठवून बघा, आणि गेल्या. दार लागलं. आपण आत्ता खोटं बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याने हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

शांतता सुरू झाली. आजवर त्याने अशा शेकडो ऐकल्या असतील, पण या शांततेला घर होतं आणि ते त्याच्या ओळखीचं होतं. मोरीतला नळ ठिबकत होता. तो भाऊजी कधीचे दुरुस्त करणार होते. दूर कुठे तरी भाऊजींचा खोकला आला, दाबलेला, बायको फोनवर आहे म्हणून दाबलेला. आणि मग त्याला तो श्वास ऐकू आला. ऐकू येईल असा आत गेलेला, लहानपणचा, सगळं ओकून टाकायच्या आधीचा. नको, तो मनात म्हणाला. ताई, नको. झालेल्या गोष्टीला नको म्हणून काय उपयोग, पण तो म्हणत राहिला, त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. श्वास आत राहिला. कितीतरी वेळ राहिला. मग ताई म्हणाली, "नाही. काही राहिलं नाही."

ते ती हळू म्हणाली. फोनवर आयुष्यात पहिल्यांदा ती ओरडून बोलली नव्हती. बाईने आभार मानले आणि रेघ संपली.

त्याला आधी हसू फुटलं. तो त्या एवढ्याशा खोक्यात एकटाच तोंडावर हात ठेवून हसला. भाऊजी वाचले. त्याने बटण दाबलं, 'काही आढळलं नाही', आणि त्यात खोटंही काही नव्हतं, रेकॉर्डिंगमध्ये खरोखरच काही आढळलं नव्हतं. त्याला त्या बाईचे, कंपनीचे, कॉम्प्युटरचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले. आणि मग, पुढचं रेकॉर्डिंग लावायला हात पुढे केला तेव्हा, त्याला ताईचा राग आला. इतका, की त्याचे कान गरम झाले. तिला खोटं बोलायला काय झालं होतं? इतकी वर्षं ज्या बाईने न फोडलेल्या बरण्या कबूल केल्या तिला एक पायरी सांगता येऊ नये? तिने सांगितलं असतं तर नवरा गमावला असता, आणि तरीही आपण तिच्यावर रागावलोय, हे त्याला दिसत होतं, आणि दिसूनही राग जात नव्हता. त्याने ठरवलं होतं की आपण कसेही वागलो तरी ताई आहे. ती तिकडे खरं बोलत असणार या हिशेबावर तो इकडे खुशाल जगत होता. आता तो हिशेब मिटला होता, आणि मिटवणारा हातही त्याचाच होता.

संध्याकाळी तो बसच्या थांब्यावर उभा होता तेव्हा ताईचा फोन आला. मंजुरी आली रे, ती म्हणाली, आत्ताच हॉस्पिटलातून कळवलं. ती पुन्हा नेहमीसारखी ओरडत होती, थांब्यावरच्या लोकांना ऐकू जात होतं. भाऊजी पिशवी भरायला बसलेत आणि लहान पोरासारखे कुठला टॉवेल नेऊ, कुठला टॉवेल नेऊ करताहेत. त्याने छान म्हटलं, फार छान झालं म्हटलं. मग तिचा आवाज खाली आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, दार लावल्याचं ऐकू आलं.

"धाकट्या, तुला एक सांगू? तुझ्याच कंपनीत मी खोटं बोलले."

तो म्हणाला, असू दे गं. पण ताईला सांगायचंच होतं. त्या बाईने अगदी बाबांसारखं विचारलं, ती म्हणाली, शब्दाला शब्द, आणि बाबांसारखीच गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला. पण वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांच्या दिराला असंच बोलतं केलं म्हणे, आणि मग नाही म्हणाले. आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय. ते गप्प झाले की आपण दातखीळ बसल्यासारखं बसायचं. जो पहिला बोलला तो मेला. पोरंसुद्धा खेळतात आता तसं, एकमेकांसमोर गप्प बसायचं आणि कोण आधी हरतो ते बघायचं. "मी जीभ चावून बसले," ताई म्हणाली. "रक्त आलं रे थोडं."

थांब्यावर एक बाई तिच्या पिशवीतलं काही तरी शोधत होती.

"रात्रभर विचार करत होते," ताई म्हणाली. "बाबा गेले तेव्हा मी रडले, प्रार्थना ठेवली, सगळं केलं. पण ते गेल्यासारखं मला कधी वाटलंच नव्हतं. काल वाटलं. आणि मग असं मनात आलं, म्हणजे येऊ नये, पण आलं. बाबा पण तेवढ्यासाठीच गप्प बसायचे का रे? आपल्याकडून काढून घ्यायला?"

नाही, असं त्याला म्हणायचं होतं. नाही ताई, ते वेगळं होतं, ते पाणी आणायचे, पाठीवर हात ठेवायचे. ते बाबांचं होतं आणि हे माझं आहे. पण हे सगळं सांगायचं तर बाबांची गोष्ट कुणी कुणाला सांगितली हेही सांगावं लागणार होतं, आणि ताई उद्या सकाळी नवऱ्याला घेऊन त्याच कंपनीच्या भरवशावर हॉस्पिटलात जाणार होती. तो शब्द निवडत राहिला. फोनमध्ये नळ ठिबकत होता.

"धाकट्या?" ताई म्हणाली. "गप्प का झालास?"

त्याने तोंड उघडलं.

"असा गप्प नको बसूस रे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीती होती, त्याचीच. "काय हवंय तुला माझ्याकडून?"

मग तो बोलायला लागला. म्हणाला, काही नाही गं, बस बघत होतो. म्हणाला, टॉवेल दोन घ्या, हॉस्पिटलचे जाडेभरडे असतात. चपला घ्या, फरशी गार असते. रिपोर्ट वरच ठेव, खाली गेले की सापडत नाहीत. भाऊजींना म्हणावं मी सकाळी येतो, रिक्षा मीच आणतो. ताई हं म्हणाली. पुढचं वाक्य सुचत नव्हतं तरी त्याने आधीच्या वाक्याला जोडून घेतलं, म्हणाला, उशी घरची घ्या, आणि भाऊजींचा चष्मा, आणि फोनचा चार्जर. एक बस आली आणि गेली. पुन्हा टॉवेलचं सांगून झालं. ताई हं म्हणत होती, मधे मधे, सावधपणे, आणि तो श्वासही न घेता बोलत होता, कारण तो थांबला असता तर ती घाबरली असती.